जुनी स्पोर्ट्‌स मोटार आणि विक्रेत्याचे मौन

बाजारातल्या वस्तूंचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. काही वस्तू हातात घेतल्या की कळतात. वांगी घ्या, केरसुणी घ्या, मडके घ्या. मडके बोटाने वाजवले की ते पक्के की कच्चे हे कानच सांगतो. दुसऱ्या वर्गातल्या वस्तू मात्र घरी आणून चार-सहा महिने वापरल्याशिवाय आपले खरे रूप दाखवीत नाहीत. बैल हा या दुसऱ्या वर्गातला. म्हणून बैलबाजारात गेलेला शेतकरी जनावराचे दात बघतो, खुरांवरून हात फिरवतो, जमल्यास गाडीला जुंपून चार पावले चालवून घेतो. एवढे करूनही हे जनावर ऐन नांगरटीत बसकण मारणार की काय, हे विकणाऱ्या हेड्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. वापरलेली मोटार ही याच जातीची वस्तू आहे. आणि वापरलेल्या मोटारींतही स्पोर्ट्‌स मोटार ही सगळ्यांत खोडकर. तिच्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे शर्यतीची मोटार नव्हे. दोनच माणसे बसतील अशी, बुटकी, हलकी, पुष्कळदा कापडी टपाची, आणि सामान वाहण्यापेक्षा चालवण्याच्या आनंदासाठीच घडवलेली अशी ती मोटार. या प्रकाराचे माहेरघर इंग्लंड. १९६२ ते १९८० या काळात तिथे निघालेली एम्‌.जी.बी. ही मोटार पाच लाखांवर खपली. पुढे इंग्रज कारखान्यांना उतरती कळा लागली, आणि १९८९ साली माझ्दा या जपानी कंपनीने त्याच जुन्या इंग्रजी घाटाची एम्‌एक्स-५ नावाची मोटार शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. २०१६ साली या मोटारीची दहा लाखावी प्रत कारखान्यातून बाहेर पडली. ती इंग्लंडातही उदंड खपल्यामुळे तिथल्या मध्यमवर्गीय माणसाला जुन्या बाजारात परवडणारी स्पोर्ट्‌स मोटार म्हटली की पहिल्यांदा हीच आठवते.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडच्या मध्य भागात राहतो. अर्थशास्त्रात त्याला चांगले गुण होते, आणि मोटारींचे वेड तर कॉलेजात असल्यापासूनच. गेल्या वर्षी त्याने दहा-बारा वर्षे जुनी एम्‌एक्स-५ घ्यायचे मनावर घेतले आणि तीन-चार महिने विक्रेत्यांच्या दारोदार फिरला. त्याच्या पत्रांतून जे कळले ते केवळ एका माणसाचे गाऱ्हाणे नाही. बाजाराचे एक शास्त्रच त्यातून दिसते, म्हणून ते सांगतो.

पहिल्या ठिकाणी तो सत्तर मैल गाडीने गेला, तर जाहिरातीतली मोटार "आत्ताच तासापूर्वी विकली गेली, पण हिच्याहून चांगली एक आहे," असे उत्तर मिळाले. चांगली होती ती अर्थात महागही होती. दुसऱ्या ठिकाणी मोटार होती, पण भर उन्हात नुकतीच धुऊन ओली ठेवलेली. पाण्याचा थर असला म्हणजे बारीक चरे आणि पोचे दिसत नाहीत, हे तो वाचून गेला होता. त्याने बॉनेटवर हात ठेवला तर बॉनेट गरम! थंड इंजिन सुरू होताना जो धूर निघतो, जी खडखड ऐकू येते, ती गिऱ्हाइकाला दिसू-ऐकू नये म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवले होते. किमतीचा प्रश्न विचारला की विक्रेता उलट विचारी, "महिन्याला किती झेपेल?" या एका प्रश्नात मोठी मख्खी आहे बरे का. हप्ता लहान दिसला की मुदत किती आणि एकूण पैसे किती याकडे घेणाऱ्याचे लक्ष राहत नाही. देखभालीचे पुस्तक मागितले तर ते "मागच्या मालकाकडून यायचे आहे." आणि शेवटी हिशेबाच्या कागदावर, जाहिरातीत नसलेली, कागदपत्रांची फी म्हणून एक रक्कम वेगळीच.

तिसऱ्या ठिकाणची गोष्ट अधिक बोधक आहे. इंग्लंडात तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, तिला एम्‌.ओ.टी. म्हणतात. ही पद्धत १९६० पासूनची. या तपासण्यांचा इतिहास सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतो. मोटारीचा नंबर टाकला की कोणत्या वर्षी किती मैल भरले होते आणि तपासनिसाने कोणता शेरा मारला होता हे समोर येते. विद्यार्थ्याने तो बघितला. मागल्या वर्षीचा शेरा होता की दाराखालच्या पट्टीला मागच्या बाजूस गंज धरला आहे. यंदाच्या तपासणीत शेराच नाही. खाली वाकून बघितले तर त्या जागी काळ्या डांबरी रंगाचा जाड, ताजा लेप. "दुरुस्त करून घेतले आहे," विक्रेता म्हणाला. पावती? पावती नव्हती.

हा गंज या मोटारीचा जन्माचा दुखणेकरी सोबती आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून तिथे रस्त्यांवर खनिज मीठ पसरतात. ते चाकांबरोबर उडून खालच्या पत्र्यात जाऊन बसते. शिवाय कापडी टपावरचे पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी सीटांमागे जी भोके असतात ती पानांनी, कचऱ्याने बुजतात, आणि पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत मुरत राहते. पत्रा आतून खात बाहेर येतो. वरून रंग चकचकीत, आणि आत चाळण. एम्‌.ओ.टी.चा तपासनीस कोणताही भाग खोलून बघत नाही. त्याला तशी परवानगीच नसते. तेव्हा पास झाल्याचा दाखला म्हणजे मोटार निकोप असल्याचा दाखला नव्हे. त्या दिवशी जे दिसत होते ते चालण्यासारखे होते, इतकाच त्याचा अर्थ.

विद्यार्थ्याने विचारले, "माझ्या ओळखीच्या गॅरेजात नेऊन ही लिफ्टवर चढवून बघतो. खर्च माझा." विक्रेता म्हणाला, "आमच्या विम्यात ते बसत नाही." पोराने नमस्कार केला आणि निघून आला. त्याने मला लिहिले, "सर, तुम्ही वर्गात शिकवलेले लिंबू आज डोळ्यांनी पाहिले."

लिंबू म्हणजे काय ते सांगायला हवे. अमेरिकन बोलीत सदोष मोटारीला 'लेमन' म्हणजे लिंबू म्हणतात. आपल्याकडे खोडीचे जनावर म्हणतात तसेच. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या लिंबांच्या बाजारावर एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. तत्पूर्वी तीन नामांकित नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. कोणाला तो अगदीच क्षुल्लक वाटला! २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्‌झ यांच्या बरोबरीने अ‍ॅकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः याच विचाराबद्दल.

विचार असा आहे. समजा, निकोप मोटारीची खरी किंमत आठ हजार पौंड आणि खोडीच्या मोटारीची चार हजार. घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मग तो शहाणा असेल तर मधली, म्हणजे सहा हजार, किंमत देऊ करील. आता निकोप मोटारीचा मालक विचार करतो, "आठ हजारांचा माल सहा हजारांना मी का द्यावा?" तो मोटार घरीच ठेवतो किंवा भावाला, मित्राला देतो. खोडीच्या मोटारीचा मालक मात्र आनंदाने बाजारात येतो. बाजारात वाईट मोटारींचे प्रमाण वाढते, हे घेणाऱ्याच्या ध्यानात येते, तो सहाच्याऐवजी पाच देऊ करतो, आणि मग मध्यम प्रतीच्या मोटारीही घरी राहतात. म्हणजे बघा, एकाही माणसाने तोंडाने खोटे न बोलता बाजार नासतो. कारण एकच: जे विकणाऱ्याला कळते ते घेणाऱ्याला कळत नाही.

याच लेखात आपल्या देशातलीही उदाहरणे आहेत. लेख छापून येण्यापूर्वी, १९६७-६८ मध्ये, अ‍ॅकरलॉफ वर्षभर भारतात राहिले होते. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगारूपाचे खडे आपल्या गृहिणीला निवडीत बसावे लागते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. जो कष्ट तिने सुपापाशी बसून करायचा, तो अविश्वासाचा खर्च. मोटारीच्या बाजारात हाच खर्च सत्तर-सत्तर मैलांच्या फेऱ्यांत, रजेच्या दिवसांत आणि गॅरेजवाल्याच्या फीमध्ये भरावा लागतो.

आता कोणी म्हणेल, हे साध्या कुटुंबाच्या मोटारीलाही लागू आहे. स्पोर्ट्‌स मोटारीवरच एवढा राग का? राग नाही, पण तिच्यात न दिसणारा भाग फार मोठा असतो. साध्या मोटारीचे आयुष्य मैलांनी बरेचसे मोजता येते. स्पोर्ट्‌स मोटारीचे तसे नाही. तीस हजार मैल गावातल्या गावात सावकाश चाललेली आणि तीस हजार मैल शर्यतीच्या मैदानावर पिळून काढलेली, या दोघींच्या मैलांच्या घड्याळात आकडा तोच. इंजिन थंड असताना ज्याने ते चढ्या फेऱ्यांवर फिरवले त्याची खूण कोठे राहत नाही. ती दोन वर्षांनी पुढच्या मालकाच्या खिशात उमटते. हौशी मालक स्प्रिंगा बदलतात, आवाज यावा म्हणून सायलेन्सर बदलतात, आणि विकायच्या आदल्या आठवड्यात सगळे मूळचे भाग परत बसवतात. उलट कमी मैल चाललेली मोटार म्हणजे चांगली, हाही भ्रम. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारीचे ब्रेक जाम होतात, रबर चिरते, टायरची नक्षी शाबूत दिसली तरी टायर वयाने संपलेला असतो.

याहूनही अवघड उदाहरण पोर्शे कंपनीच्या बॉक्स्टर मोटारीचे आहे. १९९६ साली निघालेल्या या मोटारीच्या आणि त्या काळच्या ९११ मोटारीच्या इंजिनात एका मधल्या दांड्याचे बेअरिंग असते. बहुतेक मोटारींत ते नीट चालते. थोड्यांत ते फुटते. पण फुटले म्हणजे इंजिनच निकालात निघते. ते बघायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उभ्या मोटारीला कितीही निरखले तरी काही कळत नाही. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मोटारींबाबत मालकांनी सामुदायिक दावा लावला आणि २०१३ साली त्यात तडजोड झाली. २००९ च्या मॉडेलपासून इंजिनाची रचनाच बदलली आणि तो दांडा गेला. अशी मोटार घेताना मागच्या मालकाने बेअरिंग बदलल्याची पावती आहे की नाही यावर हजारो रुपयांचा, किंबहुना पौंडांचा, फरक पडतो. लोखंडापेक्षा कागदाला अधिक मोल, असा हा प्रकार.

इथे विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण 'सगळे डीलर लबाड' असे म्हणून प्रश्न सुटत नाही. जुन्या मोटारी विकणारा विक्रेता त्यातल्या पुष्कळ मोटारी लिलावात घेतो. मोठ्या कंपन्यांचे अधिकृत विक्रेते नव्या मोटारीच्या बदल्यात आलेल्या फार जुन्या मोटारी स्वतः विकत नाहीत, लिलावाला पाठवतात. तिथे हातोडा पडायला फार वेळ लागत नाही. तेव्हा मोटारीची खोड त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. पण, आणि हाच मला मुद्दा वाटतो, ती ठाऊक करून घेण्यात त्याला रसही नसतो. लिफ्टवर चढवून गंज बघितला तर तो सांगावा लागेल, नाहीतर उघड खोटे बोलावे लागेल. न बघणे सर्वांत स्वस्त. गिऱ्हाइकाला जो संताप येतो तो या सोयीस्कर अज्ञानाचा. लबाडाशी भांडता तरी येते हो, पण खरोखरच काही न बघितलेल्या माणसाशी काय भांडणार?

इंग्लंडच्या कायद्याने नेमकी येथेच मेख मारली आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालेल्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे विक्रेत्याने दिलेला माल, जुना असला तरी, त्याचे वय आणि किंमत लक्षात घेता समाधानकारक प्रतीचा आणि वर्णनाबरहुकूम असावा लागतो. नसला तर तीस दिवसांच्या आत मोटार परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तर मोटार परत करता येते, मात्र वापरल्याबद्दल काही रक्कम कापली जाऊ शकते. महत्त्वाचे कलम निराळेच आहे. पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला आणि दुरुस्तीची वेळ आली, तर तो विक्रीच्या दिवशी होताच असे गृहीत धरतात. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. म्हणजे न बघण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर आला. पावतीवर "आहे तशी विकली" असे लिहून त्याला यातून सुटता येत नाही. खाजगी मालकाकडून घेतली तर मात्र यातले बहुतेक संरक्षण जाते. मोटार वर्णनाप्रमाणे असावी आणि ती विकण्याचा त्याला अधिकार असावा, एवढेच हाती राहते. म्हणून विक्रेत्याकडे मोटार थोडी महाग मिळते त्यात अन्याय नाही. त्या जास्तीच्या पैशात आपण कायद्याचे छत्र विकत घेत असतो. दुःख इतकेच की काही विक्रेते छत्राचे पैसे घेतात आणि पाऊस आला की फोन उचलत नाहीत. आणि छत्राऐवजी ते जी छापील वॉरंटी पुढे करतात ती बहुधा तिसऱ्याच कंपनीची असते. झिजेने बिघडलेला भाग तिच्यात धरत नाहीत. दहा वर्षांच्या मोटारीत झिजेशिवाय दुसरे काय बिघडायचे?

आणखी दोन गोष्टी तिथल्या घेणाऱ्याला माहीत असाव्या लागतात. नोंदणीच्या कागदावर ज्याचे नाव असते तो मोटार बाळगणारा. मालक तोच असेल असे नाही. हप्ते शिल्लक असतील तर मालकी पैसे देणाऱ्या कंपनीची असू शकते. आणि विमा कंपनीने अपघातानंतर निकालात काढलेली मोटारही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते. १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा मोटारींना सांगाड्याला इजा झाली असल्यास 'एस्' आणि नसल्यास 'एन्' असे वर्ग देतात. थोडे पैसे भरून या दोन्ही बाबींची चौकशी करता येते.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर नोव्हेंबरात मोटार घेतली. थंडी-पावसात उघड्या टपाच्या मोटारीला गिऱ्हाईक कमी, हे एक कारण. दुसरे कारण असे की या विक्रेत्याने न मागता मोटार लिफ्टवर घेतली, डावीकडे गंजाची सुरुवात आहे हे टॉर्च धरून दाखवले आणि दुरुस्तीइतके पैसे किमतीतून कमी केले. मोटार काही तिसऱ्या ठिकाणच्या मोटारीपेक्षा फार निराळी नव्हती. विसाराची रक्कम त्याने क्रेडिट कार्डाने भरली. शंभर पौंडांवर आणि तीस हजारांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूचा काही भाग जरी कार्डाने भरला, तरी १९७४ च्या कायद्याप्रमाणे विक्रेत्याइतकीच ती कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. दोन मुखत्यार मिळाले म्हणायचे.

आपल्याकडे मुंबई-पुण्यातही आता जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींची दुकाने झाली आहेत. इथे मिठाच्या गंजाची तेवढी भीती नाही. इथली खोड बहुधा कागदात असते. महाग मोटार कर वाचावा म्हणून परराज्यात नोंदवलेली असते, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ती दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. तेव्हा परराज्याची पाटी असलेल्या मोटारीची किंमत ठरवताना इथल्या कराचा आकडा आरटीओतून काढून मग बोलावे. बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदणीपुस्तकावरून उतरला आहे की नाही हेही मूळ कागदावर बघावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा आणि त्याच्या ताब्यातली मोटार कधी, कशासाठी रस्त्यावर नेली याची नोंदवही ठेवण्याचा नियम आला आहे. ते अधिकारपत्र दाखवा म्हणायला संकोच करू नये.

आणि श्रोतेहो, आपलीच मोटार अशा दुकानात विकायला द्यायची असेल तर एक गोष्ट जरूर करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला आहे की मोटार प्रत्यक्षात कितीही हात फिरली असली, तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर असेल त्यालाच भरपाईसाठी मालक धरले जाईल. तेव्हा किल्ल्या देताना विक्रेत्याची सहीशिक्क्याची पोच घ्यावी, तिच्यावर तारखेबरोबर वेळही घालून घ्यावी, ताबा दिल्याची नियमाप्रमाणेची सूचना परिवहन खात्याकडे गेली याची खात्री करावी, आणि नाव बदलेपर्यंत विमा बंद करू नये.